न उकळलेला रस

आमचा उपवासकाळ जवळ आला हे पाळकसाहेबांच्या आधी हमीदभाईंना कळतं. त्यांचं मटणाचं दुकान आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच आहे. उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी तिथे रांग लागते आणि रांगेत सगळे आम्हीच असतो. यंदाही खिमा तोलता तोलता ते म्हणाले, "चला ताई, आता चाळीस दिवस मला विसरा. ईस्टरला भेटू." मी म्हटलं, "विसरता येत नाही हो, म्हणून तर उपवास करावा लागतो." ते हसले आणि मूठभर खिमा जास्तीचा टाकला.

नाशिकात उपवासकाळ आणि द्राक्षं एकदमच येतात. आत चर्चमध्ये जिभेला आवर घालायला सांगतात आणि बाहेर फाटकाशीच द्राक्षांची हातगाडी उभी असते. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी पंखा. कडुनिंब मोहोरलेला असतो. बाजाराकडे गेलं की फुटलेल्या मण्यांचा गोड, जरासा आंबूस वास येतो आणि त्यावर मधमाश्या घोंगावतात. हा वास मला आवडतो आणि त्याची भीतीही वाटते. दोन्ही एकाच गुरुवारपासून.

आता या शहराला लोक वाइनसाठी ओळखतात. माझी मुलगी पुण्याहून मैत्रिणींना घेऊन येते, तेव्हा त्या पोहे खाता खाता हळूच विचारतात, "काकू, इथून वाइनरी किती लांब?" मी रस्ता सांगते. पण माझं स्वतःचं द्राक्षांचं ज्ञान नेमकं उलट्या दिशेचं आहे. रसाची दारू होऊ द्यायची नाही, एवढंच मला येतं. गेली एकोणीस वर्षं आमच्या चर्चच्या प्रभुभोजनाचा द्राक्षारस, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून सगळे घोटभर घेतात तो, मी घरी करते. माझ्याआधी माझ्या सासूबाई करायच्या. त्यांना मी आई म्हणायची. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

हा रस घरी का करायचा, त्याला कारण होते शांतवनकाका. यंदा शेवटच्या बाकावर ते नाहीत. नाताळ आठवड्यावर आलेला असताना ते गेले. त्यांच्याविना हा पहिला उपवासकाळ, आणि म्हणूनच बहुधा लिहायला बसले आहे.

काका ट्रकच्या गॅरेजमध्ये फिटर होते. तरुणपणी फार पीत. "दारूपायी नोकरी गेली, बायको गेली आणि दोन बोटं गेली," असं ते स्वतःच सांगायचे. "नोकरी परत आली, बायको परत आली. बोटं मात्र गेली ती गेलीच." आणि डावा हात वर करून ती नसलेली बोटं दाखवत हसायचे. दारू सोडली ती एका झटक्यात. पण सोडल्यावर पंचाईत झाली चर्चमध्ये. तेव्हा आमच्याकडे प्रभुभोजनाला साधी विकतची वाइन असायची, घोटभरच, पण वाइनच. काका भाकर घ्यायचे आणि पेल्यांचा ट्रे आला की न बघता पुढे सरकवायचे. दोन वर्षं असं चाललं. भरल्या पंगतीत एक माणूस अर्धा उपाशी बसलेला, आणि कुणाच्या लक्षात नाही.

लक्षात आलं आईंच्या. त्या दवाखान्यात परिचारिका होत्या, कोण काय गिळतो आणि काय गिळत नाही हे बघायची त्यांना सवयच होती. मंडळीच्या वार्षिक सभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वाइन बंद करा, मी घरून रस करून आणते. वसंतराव म्हणून आमचे एक वडीलधारे पंच होते. ते म्हणाले, "बाई, एका माणसासाठी सगळ्या मंडळीची रीत मोडायची?" आई म्हणाल्या, "बरं, मग किती माणसांसाठी मोडायची तेवढा आकडा सांगा. मी तितकी गोळा करून आणते." सभेत हशा पिकला आणि ठराव झाला. हे सगळं माझं लग्न होण्याच्या आधीचं. मी ऐकलं ते आमच्या घरातली लाडकी गोष्ट म्हणून, प्रत्येकाच्या तोंडून जरा वेगळ्या तिखटमिठासह.

मी नगरची. वडील रविवारची शाळा चालवायचे आणि घरही त्याच शिस्तीत चालवायचे. आमच्या घरी पवित्र जीवन म्हणजे एक लांबलचक यादी होती. सिनेमा नाही, पत्ते नाहीत, लॉटरीचं तिकीट नाही, तपकीर नाही, लग्नात बँडपुढे नाचायचं नाही. मी ती यादी तोंडपाठ केली होती आणि खरं सांगायचं तर पाळलीही होती. त्यामुळे नाशिकला आले तेव्हा मी जराशी ताठच होते. आमचे हे, सुहास, मला "नगरची पवित्र सून" म्हणून चिडवायचे. मला त्यात चिडवणं ऐकू यायचं नाही, फक्त पदवी ऐकू यायची.

आणि हेही कबूल करते, शांतवनकाकांबद्दल मला तेव्हा आदर नव्हता. दया होती, आणि त्या दयेत थोडी किळस मिसळलेली. ते सलाम करायचे तेव्हा मी हात जोडायची, पण जरा अंतर राखून. प्यायलेल्या माणसाचं काही खरं नसतं, हे माझ्या वडिलांचं वाक्य. काकांनी दारू सोडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती, पण माझ्या लेखी ते दारुडेच होते, फक्त सध्या पीत नसलेले.

रसासाठी द्राक्षं यायची पिंपळगावच्या शोभाताईंकडून. आईंनी त्यांच्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस केलेलं, ते नातं. शोभाताई माळकरी घरातल्या, एकादशी चुकवणार नाहीत. पण बागेच्या कडेच्या दोन वेली त्यांनी आमच्यासाठी राखलेल्या. त्यांना फवारणी नाही. बाकीच्या बागेतले घड टपोरे, एकसारखे, परदेशी जाणारे. या दोन वेलींचे मात्र बारीक, डागाळलेले, कुठे पाखरानं टोचलेले.

परवा त्या आल्या, तेव्हा क्रेट ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "ताई, यंदा माल कमीच हाय बगा. शेजारच्या बागेतनं रोग आला. लोक म्हनले, मारा औषध. म्या म्हनलं, नाय. त्या दोन येली देवाच्या. जेवढं येईल तेवढं येईल."

"तुमच्या देवाच्या की आमच्या?" मी विचारलं.

"ते त्याचं त्यो बघून घेईल," असं म्हणून त्यांनी चहा मागितला.

मी पुष्कळदा त्या दोन वेलींचा विचार करते. पवित्र म्हणजे वेगळं ठेवलेलं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी त्याचा अर्थ काढला होता घाणीपासून दूर, स्वच्छ आणि चकचकीत. शोभाताईंच्या वेगळ्या ठेवलेल्या वेली बागेत सगळ्यांत ओबडधोबड दिसतात. वेगळ्या ठेवल्यात कारण त्या कुणाला तरी द्यायच्या आहेत. हे समजायला मला दोन अख्ख्या बाटल्या आंबवाव्या लागल्या.

त्या वर्षीचा ईस्टरआधीचा पवित्र आठवडा. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. घोटीला आईंच्या बहिणीचं कंबरेचं हाड मोडलं आणि आईंना सोमवारी तातडीनं तिकडे जावं लागलं. जाताना त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं. द्राक्षं मंगळवारी येतील. निवडायची, धुवायची, हातानं कुस्करायची, फडक्यातून गाळायची. आणि गाळल्या गाळल्या उकळायची. "एक उकळी आली की गॅस बंद, असं नाही करायचं. फेस काढत काढत चांगलं दहा मिनिटं. आणि गरम असतानाच बाटलीत. औषध न मारलेली द्राक्षं फार लवकर आंबतात. कळलं?"

मला कळलं होतं. त्यात न कळण्यासारखं काय होतं?

मंगळवारी दुपारी मी रस काढला. हात मनगटापर्यंत जांभळे झाले. दोन बाटल्या भरल्या. खिडकीतून ऊन पडलं तेव्हा त्या इतक्या सुंदर दिसल्या की मी क्षणभर बघत राहिले. मग त्या ओट्याच्या कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली ठेवल्या आणि म्हटलं, जरा भाषण लिहून घेते, मग उकळते.

कारण बुधवारी आमच्या महिला मंडळाची सभा होती आणि पहिल्यांदाच माझं भाषण होतं. विषय मीच निवडलेला: पापापासून दूर, पवित्र जीवन. मी लिहायला बसले ती बसलेच. दिवस मावळला. लोडशेडिंगमुळे वीज गेली, मेणबत्ती लावली. सुहास आले, पिठलंभात झाला. आठ मुद्दे झाले होते आणि प्रत्येक मुद्द्याला एकेक दृष्टांत. रस तसाच राहिला.

बुधवारी सकाळी घोटीहून आईंचा फोन आला. बहिणीचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "रस उकळलास ना?"

"हो," मी म्हणाले.

आजही मला कळत नाही ते कुठून आलं. माझं वय, माझा स्वभाव, माझी यादी, कशातच खोटं बोलणं बसत नव्हतं. मोठं संकट नव्हतं, आई रागावणाऱ्याही नव्हत्या. 'नाही, आता उकळते' एवढंच म्हणायचं होतं. पण एक फार छोटा, फार गुळगुळीत 'हो' तोंडातून निघाला आणि फोन ठेवल्यावर मी ठरवलं, लगेच उकळून टाकू, म्हणजे तो खरा होईल.

आणि मग मी साडीला इस्त्री करायला घेतली. 'हो' म्हटलं ना, की काम झाल्यासारखंच वाटतं. मी आता शाळेत शिकवते, मुलांचा गृहपाठ तपासते, तेव्हा हे मला फार नीट कळतं. "बाई, झालंय, वही घरी राहिली," म्हणणारं पोर त्या क्षणी खरोखरच गृहपाठ झालेल्या पोरासारखं हलकं झालेलं असतं.

भाषण छान झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत म्हाताऱ्या रेबेकाआजी मात्र माझा हात हातात घेऊन एवढंच म्हणाल्या, "आठ मुद्दे होते हं. मी मोजले." मला ती स्तुती वाटली. घरी आले तोवर चार वाजलेले, पाय दुखत होते. फडक्याखाली बाटल्या दिसल्या. मी मनात म्हटलं, आईंचा सोवळेपणा जरा अतीच आहे, उद्या तर लागणार रस, एका दिवसानं काय होतंय.

गुरुवारी सहाची उपासना. ज्या संध्याकाळी प्रभूनं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं तिची आठवण, वर्षातलं सगळ्यांत जिव्हाळ्याचं प्रभुभोजन. साडेपाचला मी वेदीमागच्या छोट्या खोलीत पेले मांडत होते, अंगठ्याएवढे काचेचे, साठ. पहिल्या बाटलीचं बूच काढलं आणि ते माझ्या हातातून उडालं. फस्स झालं. बाटलीच्या तोंडाशी फेस आला आणि बाजारात दुपारी येतो तो वास खोलीभर झाला, फक्त दहापट. मी करंगळी बुडवून चाखलं. जिभेला चरचर झाली आणि घशात किंचित ऊब. मी आयुष्यात दारू चाखलेली नव्हती, तरी मला ओळखता आली.

दुसरी बाटली तशीच होती.

वीस मिनिटं होती हातात. आता सांगायला लाज वाटते, पण त्या वीस मिनिटांत मी सगळा वेळ हिशेबच करत होते. साठातल्या एकोणसाठांना काय होणार? जरा आंबट लागेल, इतकंच. राहता राहिला एक. त्याला हळूच कानात सांगावं का, की काका, आज पेला घेऊ नका? म्हणजे परत ट्रे पुढे सरकवणं आलं, परत तेच अर्धं ताट. पाळकसाहेबांना सांगावं? मग आईंना कळणार. महिला मंडळाला कळणार. काल ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना कळणार की आठ मुद्दे लिहिणारीनं नववं काम केलंच नाही, आणि वर खोटं बोलली. तेवढ्यात घंटा झाली.

मी पेले भरले. साठच्या साठ.

आमच्याकडे ट्रे बाकांवरून फिरतात. प्रत्येकानं एक पेला उचलून हातात धरायचा आणि पाळकसाहेबांनी सांगितलं की सगळ्यांनी एकदम प्यायचा. लहानमोठा, आधीनंतर असं काही नाही, म्हणून. मी पुढून तिसऱ्या बाकावर. ट्रे मागे मागे जात होता आणि मी मान वळवून बघत होते, वळवू नये हे माहीत असून. शेवटच्या बाकावर शांतवनकाकांनी रुमालानं दोन्ही हात पुसले, नेहमीसारखे, ग्रीस राहिलं असेल म्हणून. तीन बोटांच्या त्या डाव्या हातावर उजवा हात ठेवून त्यांनी पेला घेतला. डोळे मिटले.

पाळकसाहेब प्रार्थना करत होते. ती संपली की "घ्या" म्हणणार.

मी उभी राहिले. उभी राहताना बाकाचा आवाज झाला. मी म्हणाले, "थांबा. पिऊ नका कुणी. रस आंबलाय. मी तो उकळलाच नाही. आईंना मी उकळला म्हणून खोटं सांगितलं." एवढं बोलल्यावर पुढचं वाक्य सुचेना. म्हणून परत म्हणाले, "पिऊ नका."

आणि मग जे मला आधी सुचलंच नव्हतं ते झालं. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण अख्ख्या मंडळीनं मान वळवून शेवटच्या बाकाकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी पेला समोरच्या फळीवर ठेवलेला होता.

वसंतराव म्हणाले, "थोडं पाणी घाला त्यात. आता काय करता?" पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाणी नको," ते म्हणाले. "मंडळी, आपण थांबू. द्राक्षांचं गाव आहे हे. सुहास, फाटकाशी हातगाडी आहे का बघ."

तोवर काका उठले होते. त्यांनी बाकाबाकावरून पेले गोळा करायला घेतले. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू बस, पोरी. तुझं काम झालं." दोन्ही ट्रे एकावर एक ठेवून ते एकटेच बाजूच्या दारानं बाहेर आवारातल्या नळाकडे गेले. रस ओतला, पेले विसळले आणि बऱ्याच वेळानं परत आले. मला वाटलं, किती नीट धुताहेत.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या सुंदर आठवणींपैकी एक आहे. हातगाडीवर काळी द्राक्षं संपलेली, हिरवीच मिळाली. रेबेकाआजींनी पर्समधून कोरा रुमाल काढला. चार बायका वेदीमागच्या खोलीत द्राक्षं कुस्करायला लागल्या, कुणी मला हाताला धरून आत ओढलं, घंगाळं पुढे केलं आणि म्हटलं, "बघत काय उभी राहिलीस, पिळ." बाहेर कुणी तरी गीत सुरू केलं. कुणीही घरी गेलं नाही. त्या वर्षी आमच्या पेल्यातला रस फिकट हिरवा होता. वसंतराव म्हणाले, "रक्ताचा रंग हा नव्हे." पण प्यायले. आणि सगळ्यांत शेवटी, रुमालानं हात पुसून, शांतवनकाकाही प्यायले.

शनिवारी आई आल्या. सगळं त्यांच्या कानावर गेलेलं होतं, घोटीच्या बसमध्येच कुणी तरी भेटलेलं. मी दारातच रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रस गेला त्याचं काही नाही. द्राक्षं परत येतील. पण मला 'हो' का म्हणालीस? मी काय परकी होते?" एवढंच. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायल्या. मला शिक्षा हवी होती, मोठी, यादीत बसेल अशी. पुढच्या वर्षी द्राक्षं आली तेव्हा आई म्हणाल्या, "आता माझे हात दुखतात. यापुढं रस तूच करायचा." त्यांचे हात दुखत नव्हते. आदल्याच आठवड्यात त्यांनी दोन मण कपडे हातानं धुतले होते.

ही अशी माणसं मला मिळाली, याबद्दल मी देवाची ऋणी आहे. माझी यादी मी फेकून दिलेली नाही. आजही मला पापाची भीती वाटते, वाटायलाच हवी; पवित्र जीवनाचं बोलावणं आहे ते काही सवडीनं करायचं काम नव्हे. पण यादीतल्या मोठमोठ्या गोष्टींना टाळत मी ऐटीत चालले होते आणि ठेच लागली ती दोन अक्षरीही नसलेल्या एका 'हो'ला. त्यानंतर मी शांतवनकाकांना अंतर राखून सलाम केला नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात आईंनी मला बँडपुढे ढकललं, तेव्हा मी नाचलेसुद्धा. नगरला कळवलं नाही.

एवढीच गोष्ट आहे असं मी अठरा वर्षं समजत होते. माझं पाप, माझी कबुली, मला मिळालेली क्षमा. गोष्टीच्या मधोमध मीच.

गेल्या नोव्हेंबरात काका अंथरुणाला खिळले होते. मी भाताची पेज घेऊन गेले. काकी औषधं आणायला बाहेर गेलेल्या. चमच्यानं दोन घोट घेतल्यावर काका म्हणाले, "पोरी, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या गुरुवारचं."

मी म्हटलं, "काका, किती वर्षांची गोष्ट."

"ट्रे माझ्यापर्यंत यायच्या आधी, दोन बाक पुढं होता ना, तेव्हाच मला वास आला होता."

मी चमचा खाली ठेवला.

"अकरा वर्षं मी त्या वासाच्या गल्लीतनं गेलो नव्हतो. आणि तो माझ्याकडं चालत आला, देवाच्या घरात, देवाच्या ट्रेमधनं. मी मनात म्हणालो, शांतवन, आता तुला कोण काय म्हणणार? तू थोडाच मागितलास? मंडळीनंच दिला. मी डोळे मिटले होते ते प्रार्थनेसाठी नाही. पाळकसाहेब लवकर 'घ्या' का म्हणत नाहीत, म्हणून मिटले होते."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"मग तू उभी राहिलीस," ते म्हणाले. "लय राग आला मला तुझा. खरं सांगतो. आणि मग मीच पेले गोळा केले. सगळ्यांना वाटलं, बघा, काका किती पक्का. मी पेले गोळा केले ते एकटं बाहेर जायला मिळावं म्हणून. साठ पेले, पोरी. आणि नळापाशी कुणी नाही."

"काका..."

"एक उचलला होता. तोंडापाशी आणला होता. आणि आतनं तुमची गडबड ऐकायला येत होती, पिळ, पिळ, म्हणून. मला वाटलं, ही कालची सून भर मंडळीत उभी राहून आपलं झाकलेलं उघडं करते, आणि मी साठीला आलेला माणूस नळाआड लपून पिऊ? लाज वाटली. ओतला. एकेक ओतला, तोंड फिरवून. म्हणून वेळ लागला."

मी त्यांना सांगितलं की काका, मी काही शूर नव्हते, मी पेले भरले होते, सगळे, माहीत असून. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मंडळीला वाटत होतं की मला आयत्या वेळी वास आला.

"भरले होतेस?" ते म्हणाले. "मग आपण दोघंही तोंडापाशी नेऊन परत आलोय." आणि हसले, अगदी बोटांची गोष्ट सांगताना हसायचे तसे. "मी असेपर्यंत बोलू नको कुठं. नाहीतर सगळे माझ्या हाताकडं बघत बसतील. गेल्यावर सांग. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

काकी औषधं घेऊन आल्या. मी उरलेली पेज काकांना भरवली. त्यांनी ती सगळी संपवली.